फौजेतून गेम डिझाइनमध्ये, जमेल का?

खडकीकर_फौजी: सिग्नल्समध्ये (फौजेचा संदेशवहन विभाग) १७ वर्षं काढून घरी आलोय, वय ३६, पेन्शन चालू आहे पण दिवस जाता जात नाही, लेकीसोबत मोबाईलवर खेळता खेळता वाटलं आपणच गेम बनवावा, कोथरूडचा एक क्लासवाला दोन लाख मागतोय, भरू का?

पेठेतला_कोडर: दादा अजिबात नको! गोडो इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आधी एक छोटी लेव्हल पूर्ण करा मग क्लासचं बघू.

मस्तानी_फॅन: आणि डिझाइन म्हणजे नुसतं कोडिंग नाही हां. आडोसा कुठे, शत्रू कुठून येणार हे आधी कागदावर काढतात, तुम्ही सँड मॉडेलवर (वाळूत बनवलेल्या रणभूमीच्या नकाशावर) तेच करत असाल की.

खडकीकर_फौजी: अरेच्चा, हे डोक्यातच आलं नव्हतं. लेक म्हणते बाबा शत्रू नको, मांजर ठेवा 😄