गाडीच्या क्रोमच्या ग्रिलवर काळा रंग धरत नाही, तयारीत काय चुकतंय?

ग्रिलवाला:
ग्रिल प्लॅस्टिकची, वर क्रोम. काचेखालच्या पट्ट्याही चकचकीत. दोन्ही ग्लॉस ब्लॅक करायच्यात. एका कोपऱ्यावर साबणाने धुऊन ८०० नंबरचा बारीक सँडपेपर हलका फिरवला आणि स्प्रे कॅन मारला. दुसऱ्या दिवशी नखाने पापुद्रा निघाला. एच प्रायमर (etch, म्हणजे धातूला चावून पकडणारा अस्तराचा रंग) लावला तर पकडेल? की अ‍ॅसिडने क्रोम काढावंच लागेल?

रंगपेटी:
अ‍ॅसिडच्या वाटेला घरी जाऊ नका, गरजही नाही. एच प्रायमर उघड्या लोखंडाला, अ‍ॅल्युमिनियमला चावतो. क्रोमवर नुसता बसून राहतो. इथे पकड येते ती ओरखड्यांनी, आणि ८०० चे ओरखडे फारच उथळ.

आधी साबण, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर. फडकी दोन: एकाने ओलं करायचं, वाळायच्या आत दुसऱ्याने पुसायचं. हे घासण्याआधीच, नाहीतर पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंगाला डोळे (बारीक गोल खड्डे) पडतात. मग ३२० चा वॉटर पेपर, पाणी घेऊन, चमक पार मरेपर्यंत. खाचांत लाल स्कॉचब्राइट (घासायचा जाळीदार पॅड). ओल्यावर सगळंच मॅट झाल्यासारखं वाटतं, म्हणून वाळवून उजेडात तिरपं धरा. आरशासारखा ठिपका राहिला तर पापुद्रा तिथूनच सुटणार. पुन्हा रिमूव्हर, मग टूके (2K, हार्डनर मिसळून लावायच्या) इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये साधारण १५ मिनिटं (डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा). खाली एच प्रायमर नको, त्यावर इपॉक्सी उचलू शकतो.

डेंटिंग_पेंटिंग:
घासताना रंगावर लक्ष ठेवा. क्रोमचा थर एक मायक्रॉनसुद्धा नसतो, त्यामुळे पिवळसर झाक लगेच दिसते. ते निकेल, घाबरू नका. तांबूस दिसलं की तांब्यापर्यंत पोचलात, तिथे हात आवरा. फुगे असतील तिथलं प्लेटिंग ब्लेडने घट्ट कडेपर्यंत उचकटून काढा आणि कड १८०, मग ३२० ने बोटाला लागेनाशी करा. सैल प्लेटिंगवर कितीही भारी प्रायमर मारा, ते रंगासकट सुटणार. उघड्या प्लॅस्टिकवर एनसी थिनर फिरवू नका, एबीएस (ग्रिलचं प्लॅस्टिक) मऊ पडतं.

पट्ट्यांना चुंबक लावून बघा. चिकटला तर क्रोम, नाहीतर स्टेनलेस.

वॉटरपेपर:
चुंबकावर जाऊ नका. गाडीच्या पट्ट्यांत ४३० ग्रेडचं स्टेनलेस बरंच असतं आणि त्याला चुंबक चिकटतो. मागच्या कडेला ३२० फिरवा: पिवळी झाक आली तर प्लेटिंग, कितीही घासलं तरी तोच रंग राहिला तर स्टेनलेस. घासाई तीच, पण पट्टीच्या कडा गोलाईत घासा. धारेवर प्रायमर पातळ बसतो आणि काच खालीवर होताना तिथूनच उडतो.

ग्रिलवाला:
ग्रिलच्या लोगोमागे क्रूझ कंट्रोलचं रडार आहे. लोगोही काळा केला तर?

रंगपेटी:
तो मास्किंग टेप लावून वगळा. रंगाच्या जादा थराने रडारची नजर बिघडू शकते.