११ वर्षांचा डेस्कटॉप रांगतोय: दुरुस्ती की भंगार?

संथगती
यंत्र असं आहे: आय३-४१३०, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. डेस्कटॉप दिसल्यावर सहा-सात मिनिटं काही उघडत नाही. क्रोमचे तीन टॅब आणि एक्सेल एकत्र चालवले की माऊससुद्धा अडखळतो. टेम्प फाइल्स उडवल्या, डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइल्स सलग लावणं) केलं, फरक शून्य. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. वापर साधाच: ऑनलाइन फॉर्म, एक्सेल, जुन्या लिपी फॉन्टमधलं मराठी टायपिंग, यूट्यूब. काय बदलावं आणि कुठल्या क्रमाने?

जुनापाना
आधी डिफ्रॅग थांबवा. डिस्क आजारी असेल तर त्याने ती लवकर जाते.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्क निवडा. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के असताना रीड-राइटचा वेग किती आणि रिस्पॉन्स टाइम किती, हे दोन आकडे हवेत. ७२०० आरपीएमची डिस्क एका फेरीला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते, वर हेड सरकायचा वेळ. म्हणजे विखुरलेल्या फाइल्स वाचताना सेकंदाला जेमतेम शंभरेक विनंत्या. विंडोज १० सुरू होताना हजारोंनी विनंत्या टाकतं, त्यामुळे धडधाकट डिस्कसुद्धा १०० टक्क्यांवर जाते. पण रिस्पॉन्स टाइम सतत हजार मिलिसेकंदांच्या वर असेल तर प्रकरण वेगळं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ (वाचता न येणारे, निकाल बाकी असलेले सेक्टर) आणि सी७ (डेटा इकडून तिकडे जाताना झालेल्या चुका) या ओळी बघा. सी७ एकटाच वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा (डिस्क मदरबोर्डला जोडणारी), तेवढीच बदला.

उष्मांक
त्याच टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेगही बघून घ्या. कामाच्या ओझ्याखाली ३.४ गिगाहर्ट्झच्या आसपास हवा. १ च्या खाली अडकला असेल तर तापमान मोजा. इंटेलच्या कूलरच्या चार पिनांपैकी एक जरी सुटली तरी सीपीयू शंभराकडे जातो आणि स्वतःच वेग पाडतो. तसं असेल तर कूलर काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा, पिना समोरासमोरच्या जोडीने दाबा. चारही ‘टक’ वाजल्या पाहिजेत.

संथगती
सीपीयू ३.३८, तापमान ५२. डिस्क: १०० टक्के, वेग ०.८ एमबी, रिस्पॉन्स १८०० मिलिसेकंद. ०५ शून्य, सी७ शून्य, सी५ समोर ६८. पिवळा ‘कॉशन’. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवू का?

जुनापाना
नको! निदान बॅकअप होईपर्यंत तरी नाही. सी५ चा तो आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पटीतली मोजणी) आहे, ६८ म्हणजे १०४ सेक्टर. डिस्कला ते वाचता येत नाहीत, ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तोवर मागची सगळी रांग खोळंबते. तुमची सहा मिनिटं तिथे जातात. चेकडिस्क /आर हेच प्रयत्न आख्ख्या डिस्कवर करायला लावेल.

बाहेरच्या डिस्कवर आधी महत्त्वाचे फोल्डर घ्या, चित्रपट-गाणी शेवटी. रोबोकॉपी (विंडोजची कॉपी करायची कमांड) वापरलंत तर /आर:१ /डब्ल्यू:१ द्या, म्हणजे एकदाच पुन्हा प्रयत्न आणि एकच सेकंद थांबणं. नाहीतर ते प्रत्येक खराब फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून.

मग २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करू नका, खराब सेक्टरवर क्लोन अडकतो. वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या. एच८१ वर साधारणपणे चारपैकी दोनच साटा पोर्ट ६ गिगाबिटचे, म्हणजे जास्त वेगाचे असतात, एसएसडी त्यातल्या एकाला लावा. रंगावर जाऊ नका, बोर्डवर छापलेलं वाचा. जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर विंडोज बूटचा भाग तिच्यावरच टाकतं आणि पुढे ती काढली की मशीन उठत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय करा, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून नवं इन्स्टॉल. प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ निवडा. आधीचं विंडोज रीतसर ॲक्टिव्हेट असेल आणि तीच आवृत्ती टाकलीत, तर नेट जोडल्यावर ते बोर्ड ओळखून आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

स्लॉट२
रॅम आणखी ४ जीबी टाकाच. विंडोज एकटंच दोनेक जीबी खातं आणि ग्राफिक्सही त्याच रॅममधून घेतं. दुसरी पट्टी टाकली की ड्युअल चॅनेलही (दोन्ही पट्ट्या एकत्र वापरणं) मिळतो. डीडीआर३ १६०० मागा, १.३५ व्होल्टची चालते. स्वस्तात मिळणारी ‘फक्त एएमडी’वाली घेऊ नका, इंटेल बोर्डवर मशीन चालूच होत नाही. एनव्हीएमईच्या (साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी) नादीही लागू नका, या पिढीचे बहुतेक बोर्ड त्यावरून बूट होत नाहीत.

उष्मांक
विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा-अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या सीपीयूखाली नाही, तुमचा चौथ्या पिढीचा. लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी मोफत, हलकी सिस्टिम) यावर छान पळेल, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता बघता येतं. अडचण तुमच्या लिपी फॉन्टची. त्या फाइल्स युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षर-पद्धत) नाहीत, तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून बॅकअप घेताना विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टच्या टीटीएफ फाइल्स उचलाच, आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा डोंगल (परवान्यासाठी लावायचा छोटा यूएसबी तुकडा) शोधून ठेवा. ते नुसतं कॉपी करून चालत नाही, पुन्हा इन्स्टॉलच करावं लागतं.