मदत हवी आहे: गर्भपिशवीच्या अस्तराची जाडी १८ मिमी, पिशवी काढावीच लागेल का?

मोठ्या बहिणीसाठी विचारते आहे. ताई ४७ वर्षांची, राहते बीड जिल्ह्यात. वर्षभर पाळीचा ठिकाणा नाही. दोन-दोन महिने येत नाही आणि आली की पंधरा दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात. हिमोग्लोबिन ८ वर आलं तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली. सोनोग्राफीत जाडी १८ मिमी निघाली. डॉक्टर म्हणाले, मुलं झालीत, पिशवी काढून टाका. जाऊबाईंची अशीच काढली, त्यामुळे सासरचेही तेच म्हणताहेत.

आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. म्हणून मी हट्टाने तिला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

त्या म्हणाल्या, पाळी चालू असताना नुसत्या जाडीवरून काही ठरत नाही. पाळीच्या आधी अस्तर १६ मिमीपर्यंतही जातं. पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र ४ मिमीच्या वरची जाडीसुद्धा तपासावी लागते. ताईच्या वयात दर महिन्याला बीज फुटत नाही, मग प्रोजेस्टेरॉन बनत नाही आणि इस्ट्रोजेन एकटंच अस्तर वाढवत राहतं. तिचं वजन ८२ किलो. चरबीतूनही इस्ट्रोजेन तयार होतं हे मला तेव्हाच कळलं. दुर्बिणीने बघून क्युरेटिंग केलं, म्हणजे अस्तर खरवडून काढलं, आणि त्याचा तुकडा तपासायला पाठवला.

काल रिपोर्ट आला: हायपरप्लाझिया, एटिपिया नाही. पेशी वाढल्यात, पण त्यांचं रूप बिघडलेलं नाही. यातून २० वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. एटिपिया असता तर त्यांनीही पिशवी काढायलाच सांगितलं असतं. आता हार्मोनची तांबी, म्हणजे मिरेना, बसवायची आणि सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासायचा.

कुणी मिरेना बसवली आहे का? सुरुवातीला डाग लागतात म्हणे, ते किती दिवस? पुढचा तुकडा भूल न देता घेतात का? आणि घरच्यांना कसं समजावलंत? ताई रोज रडते.

प्रतिसाद १: मला पाच महिने थोडे थोडे डाग लागत होते, मग रक्त जवळजवळ थांबलं. तुकडा भूल न देताच घेतला, मिनिटभर जोराची कळ आली. लागोपाठ दोन तुकडे चांगले येईपर्यंत तपासणी सोडू नका. लोहाच्या गोळ्या आजच सुरू करायचं विचारा. आणि दिरांना नाही, भावोजींना डॉक्टरबाईंसमोर बसवा. आमच्याकडे त्यानेच काम झालं.