साक्षीदार विसरला म्हणून जुनी साक्षही पुसायची?

निशिगंध:
काळी_फीत यांनी काल लिहिलं, "पिंजऱ्यात उभं राहून जे आठवत नाही तो पुरावाच नव्हे. खुनाच्या खटल्यात जुनी साक्ष वाचणं म्हणजे कागदाला शपथ देणं." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न फेरखटल्याचा होता. पहिल्या खटल्यात एका साक्षीदार बाईंनी शपथेवर साक्ष दिली, बचाव पक्षाने उलटतपासणी घेतली. अपिलात शिक्षा रद्द होऊन खटला नव्याने चालवायचा आदेश झाला. आता बाई म्हणतात, काहीच आठवत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 33 (आता साक्ष अधिनियमाचं कलम 27) मेलेल्या साक्षीदाराची जुनी साक्ष चालवून घेतं. बेपत्ता साक्षीदाराची चालते, साक्ष द्यायला असमर्थ असलेल्याचीही चालते. मग स्मृती गेलेलीच तेवढी वर्ज्य का?

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला होता. चहाचा कप हातात असताना "मला चहा दिलाच नाही" म्हणायच्या. त्याच बाईंनी काही वर्षांपूर्वी पासबुकातली व्याजाची चूक शोधून बँकेला दुरुस्त करायला लावली होती. नंतर विसरल्या म्हणून ती चूक झालीच नव्हती का? माणूस खुनात गेला, त्याच्या घरच्यांनी साक्षीदाराच्या म्हातारपणाची शिक्षा का भोगायची?

काळी_फीत:
ताई, सासूबाईंबद्दल वाईट वाटलं, पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. आजाराने स्मृती गेली तर डॉक्टरला साक्षीला बोलवा, असमर्थता सिद्ध करा. पण नुसतं "आठवत नाही" हे कोर्टातलं सगळ्यात सोयीचं उत्तर आहे. धमकी आली की आठवत नाही, पैसे मिळाले की आठवत नाही. असा साक्षीदार हजर असतो, त्याला फितूर ठरवून सरकारी वकिलांनी उलट प्रश्न विचारावेत. तो असमर्थ कसा?

आणि त्याच कलमातल्या अटी तुम्ही गाळल्यात. पक्षकार तेच हवेत, मुद्दे मुळात तेच हवेत आणि उलटतपासणीचा हक्क व संधी मिळालेली हवी. विधी सेवेतून (सरकारी मोफत मदतीतून) नेमलेल्या एका नवख्या वकिलाची उलटतपासणी मी वाचली आहे. एका पानात संपली. "मी खोटी साक्ष देत आहे असे म्हणणे खोटे आहे," अशी साक्षीदाराच्या तोंडची दोन-तीन वाक्यं, बस. याला संधी म्हणायचं? नंतर नवीन कागद बाहेर आले तर त्यावर कोणाला विचारायचं? टाइप केलेल्या पानाला?

वाटसरू:
टाइप केलेल्या पानाचं निघालंच आहे तर बोलतो. मी मारहाणीच्या खटल्यात साक्षीदार होतो. किती लांबून पाहिलं, असं विचारलं. मी हात करून दाखवलं, इथून त्या दारापर्यंत. न्यायाधीशांनी सांगितलं "सुमारे 15 फूट", तेच टाइप झालं. मग उलटतपासणीत वकील माझ्यावर तुटून पडले, की 15 फुटांवरून काठी कोणाच्या हातात होती ते कसं दिसलं? 15 हा आकडा माझ्या तोंडून निघालाच नव्हता! प्रश्न गायब, अडखळणं गायब, उरतं ते "मी" ने सुरू होणारं गुळगुळीत निवेदन. दहा वर्षांनी हेच वाचून कोणाला जन्मठेप देणार?

शेवंता_मावशी:
मी कोर्टात लघुलेखक म्हणून आयुष्य काढलं. वाटसरू, तुम्ही सरसकट सगळ्यांना झोडपताय म्हणून लिहिते. सत्र खटल्यात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात, निवेदनरूपात नोंद घ्यायची हे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 276 मध्येच होतं. न्यायाधीशांना वाटलं तर प्रश्नोत्तरं जशीच्या तशी घेता येतात, आणि महत्त्वाच्या जागी आम्ही घेतलीही आहेत. साक्ष वाचून दाखवायची हेही कायद्यात आहे. साक्षीदाराचं लक्ष घड्याळाकडे, एसटी चुकेल म्हणून. "वाचू का?" विचारलं की "नको, कुठे सही करू?" तुम्ही ऐकलीत का तुमची साक्ष?

वाटसरू:
ऐकली नाही, कारण वाचलीच नाही! दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवलं, पाच वाजता सही घेतली. दोष माझा?

शेवंता_मावशी:
सही करण्याआधी "वाचा" म्हणायचा हक्क तुमचा होता. आणि आवाज माझ्यावर चढवू नका. वीस फाइली अंगावर असताना टाइप करून बघा.

निशिगंध:
दोघंही थांबा. नोंद वाईट असेल तर ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं करा, साक्ष कशाला फेकता? आणि फितूर ठरवलं की सगळं संपत नाही. खुज्जी प्रकरणात (1991) साक्षीदारांनी सरतपासणीत (बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना) आरोपींना ओळखलं, महिनाभराने उलटतपासणीत शब्द फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने आधीची ओळख मान्य केली.

काळी_फीत:
ती एकाच खटल्यातली सरतपासणी आणि उलटतपासणी होती. फेरखटल्याला कशी लावता?

वाटसरू:
मग तपास चालू असताना दंडाधिकाऱ्यापुढे दिलेला, जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 164 चा जबाबच का नाही वाचत? तोही शपथेवरच असतो.

काळी_फीत:
अहो, तिथे आरोपीचा वकील नसतो, उलटतपासणी नसते. तो जबाब पुष्टीला किंवा खोडायला वापरतात, स्वतंत्र पुरावा म्हणून नाही. निदान एवढं तरी वाचून या.

निशिगंध:
आणि अमेरिकेतला ओवेन्स निकाल, 1988? तुरुंगातल्या समुपदेशकाच्या डोक्यावर हल्ला झाला. रुग्णालयात त्याने आरोपीला ओळखलं, खटल्यात मात्र हल्लेखोराला पाहिल्याचं आठवेना. तरी ती ओळख चालली, कारण तो पिंजऱ्यात हजर होता.

काळी_फीत:
दोन न्यायमूर्तींचं विरोधी मत आहे त्यात, तेही सांगा. आठवतच नाही त्याला किती प्रश्न विचारले तरी बचावाच्या हाती काय लागणार?

बरं, एवढं मान्य करतो: विस्मरण वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालं आणि पहिली उलटतपासणी खरोखरची, मुद्द्याला धरून झालेली असली, तर वाचा ती साक्ष. पण फक्त तेवढ्यावर जन्मठेप नको. स्वतंत्र दुजोरा हवाच.

निशिगंध:
दुजोऱ्याचं मान्य. उलटतपासणी "खरोखरची" होती की नाही हे कोण ठरवणार? हरलेला प्रत्येक आरोपी म्हणेल, माझा वकील कच्चा होता. कायद्यात "संधी" म्हटलंय, "हुशार वकील" नाही.

काळी_फीत:
ते न्यायाधीशांनी ठरवावं, कागद वाचायच्या आधी, कारणं लिहून. यापुढे मी एक पाऊल सरकणार नाही.