शब्दचर्चा: 'मुक्तस्रोत'मध्ये नक्की मुक्त काय आहे?

रात्रपाळी:
डीपसीक हे चिनी एआय मॉडेल आल्यापासून मराठी पेपरांत 'मुक्तस्रोत' या शब्दाला फारच बरे दिवस आलेत. कुठलंही एआय मॉडेल डाउनलोड करता आलं की झालं ते मुक्तस्रोत, लिनक्स मुक्तस्रोत, फुकटचं पीडीएफ उघडायचं अ‍ॅपही मुक्तस्रोत, आणि आता 'मुक्तस्रोत चिप' पण वाचली. माझं म्हणणं एवढंच की इतक्या गोष्टींना एकच शब्द चिकटवला की तो शब्द काहीच सांगत नाही. आणि गंमत बघा, इंग्रजीतला मूळ घोळ मराठीत नव्हताच, आपण आपला वेगळा घालून ठेवलाय.

इंग्रजीत 'फ्री' म्हणजे स्वातंत्र्य पण आणि फुकट पण. त्यामुळे फ्री सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारा रिचर्ड स्टॉलमन बिचारा १९८३ साली ग्नू हा सॉफ्टवेअर प्रकल्प जाहीर केल्यापासून आजवर सांगत सुटलाय की बाबांनो मी पैशाचं बोलत नाहीये, सॉफ्टवेअर वापरायच्या, बदलायच्या, वाटायच्या स्वातंत्र्याचं बोलतोय. तो स्वतः ईमॅक्स या आपल्या एडिटरच्या टेपा १५० डॉलरला विकायचा, म्हणजे मोफत वगैरे विषयच नव्हता. आपल्याकडे फुकट, मोफत, विनामूल्य एका बाजूला आणि मुक्त दुसऱ्या बाजूला, कोणाचा गोंधळ व्हायचं कारण नाही. पण आपण 'ओपन'ला पण मुक्तच म्हणतो ना, नाशिकचं मुक्त विद्यापीठ बघा. झालं, फ्री सॉफ्टवेअर पण मुक्त आणि ओपन सोर्स पण मुक्त! आणि हे दोन गोट तर मुद्दाम वेगळे झालेले. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला करणार असं जाहीर केलं, पुढच्याच महिन्यात पालो आल्टोच्या एका बैठकीत क्रिस्टीन पीटरसननं 'ओपन सोर्स' हा शब्द पुढे आणला, का तर 'फ्री' ऐकलं की कंपनीवाले बिचकतात. तिकडे ज्यांनी चूल वेगळी मांडली त्यांना आपण परत एकाच घरात कोंबलं.

तर माझं मत: फ्री सॉफ्टवेअरला 'मुक्त सॉफ्टवेअर', ओपन सोर्सला 'खुला कोड', आणि मुक्तस्रोत रिटायर करा. बोला.

वेलांटी:
बाकी चर्चा नंतर, आधी ते 'स्त्रोत' लिहिणं बंद करा सगळ्यांनी. स्रु धातू, वाहणे, त्यावरून स्रोत. त्यात स आणि र च्या मध्ये त कुठून आला? रक्तस्राव, सहस्र, सगळीकडे लोक तो त घुसवतात आणि वर 'बरोबरच आहे, उच्चार तसाच आहे' म्हणून वाद घालतात.

रात्रपाळी:
वेलांटीताई मान्य, म्हणूनच तर म्हणतोय तो शब्दच नको, निम्मे लोक चुकीचाच लिहितात :)

पाटीपेन्सिल:
मला 'खुला कोड' पटत नाही. खुला म्हटलं की माझ्या डोक्यात आधी खुला प्रवर्ग येतो. आणि रस्त्यावर जसं कोणीही यावं कोणीही जावं तसं काहीतरी वाटतं, प्रत्यक्षात तर लायसन्स असतं, अटी असतात. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखालचा कोड घेऊन बदलून दुसऱ्याला दिलात तर तुमचाही कोड द्यावा लागतो, हे काय खुलं मैदान आहे का.

पण मुक्तबद्दल तुमचं खरंय. मराठीत मुक्त शेपटीला लागला की अर्थ होतो 'त्यापासून सुटका'. तंटामुक्त, हागणदारीमुक्त, सरकारी खात्यात बदली झाली की कार्यमुक्त. त्या हिशोबाने ज्याचा कोड कोणाला दाखवत नाहीत ते खरं 'स्रोतमुक्त' सॉफ्टवेअर.

रात्रपाळी:
स्रोतमुक्त भारी आहे, हा चोरतोय.

कोचीकर:
मी गेली बरीच वर्षं केरळात आहे, इथे हा प्रश्न त्यांनी कधीच सोडवलाय. मल्याळममध्ये सरळ 'स्वतंत्र' म्हणतात, 'स्वतंत्र मलयालम कंप्युटिंग' नावाचा मोठा गटच आहे, मल्याळम फाँट वगैरे तेच करतात. आपण का नाही घेत? स्वातंत्र्य म्हटलं की फुकटचा प्रश्न मिटला, ओपनचाही मिटला.

भाषांतरकामगार:
अहो कोचीकर, मराठीत नाही चालणार ते. 'स्वतंत्र' म्हणजे आपल्याकडे वेगळा. स्वतंत्र खोली, स्वतंत्र अर्ज करावा, स्वतंत्र मीटर घ्या. 'यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर लागेल' असं वाचलं तर लोक दुसरं काहीतरी इन्स्टॉल करायला धावतील.

मी सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत करण्याचं काम फावल्या वेळात करतो, 'फ्री'नं कसा छळ होतो ते सांगतो. फाइलीत फक्त एक ओळ समोर येते, मागेपुढे काही नाही, नुसतं 'फ्री'. ते सॉफ्टवेअरचं आहे, किमतीचं आहे की डिस्कवरच्या जागेचं? एका प्रोग्राममध्ये कोणीतरी 'मुक्त जागा: १२ जीबी' करून ठेवलं होतं, वाचून वाटतं जागेची जामिनावर सुटका झालीये. तिथे सरळ 'मोकळी जागा' किंवा 'शिल्लक' पाहिजे.

आणि मेमरीत तर अजून मजा. लिनक्सवर फ्री कमांड चालवा, एका रकान्यात 'फ्री' येतं आणि शेवटच्या रकान्यात 'अव्हेलेबल'. नवीन माणूस फ्रीचा आकडा बघतो, ८ जीबीच्या मशीनवर दोनतीनशे एमबी दिसतात, आणि घाबरून विचारतो रॅम संपली का. संपलेली नसते, लिनक्स रिकामी रॅम पडू देत नाही, वाचलेल्या फाइली तिच्यात कॅश म्हणून धरून ठेवतो आणि कोणी मागितली की सोडून देतो. म्हणून बघायचा असतो अव्हेलेबलचा आकडा. मी तिथे 'रिकामी' आणि 'वापरता येईल अशी' असं केलं, रकाना तुटायला लागला पण अर्थ तरी लागतो. 'मुक्त' आणि 'उपलब्ध' लिहिलं असतं तर कोणाला काय कळणार होतं?

सुटे_पार्ट:
सॉफ्टवेअरवाल्यांचं होऊ दे, 'मुक्तस्रोत चिप'वर कोणी बोलेना. ती बातमी बहुतेक रिस्क-फाइव्हची असणार. तर रिस्क-फाइव्ह ही चिपच नाही! तो आज्ञासंच आहे, म्हणजे प्रोसेसरला कुठल्या आज्ञा समजतात आणि त्या कुठल्या आकड्यांत लिहायच्या याचं ठरलेलं कोष्टक. २०१० मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालं. खुलं आहे ते हे कोष्टक. आर्म या कंपनीच्या आज्ञासंचावर प्रोसेसर बनवायचा तर आर्मकडून लायसन्स घ्यावं लागतं, इथे नाही लागत, एवढाच मुद्दा. त्यावरून एखाद्या कंपनीनं प्रोसेसर बनवला आणि त्याचं डिझाइन कुलपात ठेवलं तरी तो रिस्क-फाइव्हच राहतो. त्याला खुला म्हणणं साफ चूक.

याउलट आयआयटी मद्रासचा शक्ती हा प्रोसेसर घ्या. तोही रिस्क-फाइव्हच, पण त्याचं डिझाइन, म्हणजे ब्लूस्पेक भाषेत लिहिलेला कोडच, बीएसडी लायसन्सखाली टाकलाय, कोणीही उतरवून घ्या, बदला, विका. इथे खुला कोड म्हटलेलं चालेल. पण पुढे चिप ओतायला फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, लागतेच आणि ती कोणाची मुक्तबिक्त नसते. २०१८ मध्ये शक्तीची एक चिप इंटेलकडे २२ नॅनोमीटरवर आणि एक आपल्याकडे चंदीगडजवळच्या एससीएल या सरकारी फॅबमध्ये १८० नॅनोमीटरवर बनली. कोड खुला असला म्हणून इंटेलची फॅब तुम्हाला घरी नेता येत नाही.

पाटीपेन्सिल:
'आज्ञासंच' मस्त शब्द, पहिल्यांदा ऐकला. (१८० म्हणजे फारच जुनं ना?)

सुटे_पार्ट:
मोबाइलसाठी जुनं, बाकी भरपूर कामांना चालतं. आणि आजच्या '३ नॅनोमीटर'मध्ये ३ नॅनोमीटरचं काही नसतं, शेजारशेजारच्या ट्रान्झिस्टरांच्या गेटांमधलं अंतरच ४० नॅनोमीटरच्या पुढे असतं, ते आता नुसतं नाव उरलंय. पण तो वेगळा धागा होईल, इथे नको.

तर्कट:
मला मूळ मुद्द्यावर यायचंय, एआय. डीपसीक आर-वन जानेवारी २०२५ मध्ये एमआयटी लायसन्सखाली आलं, याच्याइतकं मोकळं लायसन्स क्वचित असतं, विका, बदला, काहीही करा. मग त्याला मुक्तस्रोत म्हटलं तर बिघडलं कुठे? उगाच कीस काढताय.

रात्रपाळी:
तर्कटराव, लायसन्स मोकळं आहे हे मान्यच. पण कशाचं लायसन्स? त्यांनी दिले वेट्स, म्हणजे शिकवून झाल्यावर तयार झालेले आकडे. ज्या मजकुरावर शिकवलं तो दिलेला नाही. आपल्या भाषेत पीठ दिलंय, गहू नाही. पिठाच्या पोळ्या करा, थालीपीठ करा, शेजाऱ्याला विका, कोणी अडवत नाही, पण गहू कुठला होता, त्यात खडे किती होते हे पिठावरून कळणार नाही. 'स्रोत' हा शब्द वापरायचा तर निदान स्रोत तरी दिसायला हवा की नको? मी याला 'खुले वेट्स' म्हणेन, संपला विषय.

तर्कट:
पण ओपन सोर्स कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेनंच ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स एआयची व्याख्या काढली त्यात सगळा डेटा द्याच असं कुठेय, डेटाबद्दल पुरेशी तपशीलवार माहिती द्या एवढंच आहे. त्यांना चालतं तर तुम्हाला का नाही.

रात्रपाळी:
त्यावरूनच तर त्यांना केवढे बोल बसले, खूप जुने लोक नाराज आहेत. आणि समजा ती सैल व्याख्या घेतली तरी शिकवण्याचा कोड आणि माहिती लागतेच, नुसत्या वेट्सवर भागत नाही. मेटाच्या लामा या मॉडेलचं तर विचारूच नका, महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरणारे असतील तर मेटाची वेगळी परवानगी घ्या असं कलम टाकलंय आणि जाहिरातीत मात्र ओपन सोर्स. कोणाला वापरू देणार हे नाव घेऊन ठरवायला लागलात की ते ओपन सोर्स राहत नाही, हा या शब्दाचा पहिल्या दिवसापासूनचा अर्थ आहे.

तर्कट:
७० कोटीवाले जगात असे कितीसे असतील, आपल्याला काय फरक पडतो. पण ठीक, लामाबद्दल मान्य. डीपसीकबद्दल नाही.

कोचीकर:
विज्ञानाच्या बातम्यांत अजून एक 'मुक्त' आहे बघा, ओपन अ‍ॅक्सेसला, म्हणजे शोधनिबंध कोणालाही फुकट वाचता येण्याला, 'मुक्त प्रवेश' म्हणतात. नाट्यगृहाबाहेरची पाटी वाटते. आणि तो वाचणाऱ्यालाच मुक्त, पुष्कळ जर्नलं त्याचे पैसे लिहिणाऱ्याकडून घेतात.

वेलांटी:
'मुक्तवाचन' म्हणा की मग. छोटा आहे, र-त्र ची भानगडही नाही.

भाषांतरकामगार:
सगळ्यांचं छान चाललंय, पण मला आज रात्री एक फाइल द्यायची आहे आणि तिच्यात जीपीएलची ती नेहमीची सूचना आहे. मी असं केलंय: 'हा प्रोग्राम मुक्त सॉफ्टवेअर आहे, तुम्ही तो या परवान्याच्या अटींनुसार वाटू शकता आणि/किंवा बदलू शकता.' चालेल?

रात्रपाळी:
मुक्त सॉफ्टवेअर बरोबर, तिथे खुला कोड नको. 'वितरित करू शकता' न लिहिल्याबद्दल आभार.

पाटीपेन्सिल:
वाटू शकता... पाट्यावर की मिक्सरमध्ये?