विषय: पावसाळ्यात पाकिटांशिवाय स्वयंपाकघर

नमस्कार मंडळी,

आम्ही नुकतेच पुण्याहून गोव्यात पर्वरीला राहायला आलो. प्लॅस्टिकच्या पाकिटातलं शक्यतो घरात आणायचं नाही, असं आमचं ठरलंय. पुण्यात ते बऱ्यापैकी जमत होतं, पण इथल्या पावसाची धास्ती वाटते. रवा, डाळी, मिरची सुटी आणली तर जुलैत टिकते का? आणि सुरुवात कशापासून करावी?

– पर्वरीहून

*

पर्वरीच्या ताईंना नमस्कार,

टिकते. त्यासाठीच तर गोव्यात पुरुमेंताची रीत आहे. एप्रिल-मे संपायच्या आत सुकी मिरची, सोलं (म्हणजे आमसुलं), चिंच, कांद्याच्या माळी, सुकी मासळी भरून ठेवायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पिशवी आणि डबे घेऊन सकाळी लवकर जा, सगळं सुटं मिळतं. मिरची आणल्यावर पुन्हा ऊन द्या, देठ मोडताना कट्‌ आवाज यायला हवा. उन्हातून काढलेली वस्तू गरम असताना मात्र बरणीत भरू नका. आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि बुरशी येते. पूर्ण निवली की भरायची. रवा भाजून ठेवा, तूरडाळीला एरंडेल चोळा, तांदळात कडुनिंबाचा सुकलेला पाला घाला. आगरातलं जाडं मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवा, स्टीलच्या डब्याला ते खातं.

सुरुवात मसाल्याच्या पाकिटापासून करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मसाल्याची, वेफर्सची चकचकीत पाकिटं प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेली असतात. ते थर सुटे करणं फार अवघड, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. आणि इथल्या हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, काय लागतं? नारळ, मिरची, धणे, हळद, चिंच किंवा सोलं. ताजं वाटण वाटलं की पाकिटाची गरजच उरत नाही, चवही कितीतरी चांगली. नारळ अख्खाच आणा, खवलेल्या खोबऱ्याचं पाकीट नको.

दुधाची पिशवी शेवटी सोडा, नाही जमलं तरी चालेल. ती एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची असते. धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात दिली तर पुढे उपयोगी पडते. फक्त कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकत राहू द्या. सुटे तुकडे इतके बारीक असतात की कुणी वेचत नाही, आणि पहिल्या पावसात ते गटारातून थेट खाडीत जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

– मडगावहून

*

मंडळी,

मडगावच्या काकूंनी सांगितलं त्यात मासळीची भर घालतो. झाकणाचा स्टीलचा डबा न्या. आधी रिकामा डबा तोलायला सांगा, म्हणजे वजनाचा वाद होत नाही. बाजारातली बाई पिशवी पुढे करण्याआधीच डबा उघडून धरायचा, एवढी घाई मात्र करावी लागते. आता 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदी आहे, पण जाड पिशवीही प्लॅस्टिकचीच.

पिशवी नको म्हणून कुणी वर्तमानपत्रात तळलेलं किंवा ओलं खाणं बांधून घेत असेल तर कृपया थांबवा. शाईतली रसायनं अन्नात उतरतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच तसा इशारा दिला होता. केळीचं पान घ्या. पातोळ्यांना हळदीचं पान लागतं ते तर परसातच मिळेल, फ्लॅट असेल तर कुंडीत हळद लावा, मेअखेरीस कंद पुरला की येते.

पावाची चिंताच नको. पोदेर, म्हणजे इथला पाववाला, सायकलवर पाटल्यातून (टोपलीतून) आणतो, भोंगा ऐकू आला की कापडी पिशवी घेऊन खाली उतरायचं. पोई (इथला कोंड्याचा पाव) त्याच दिवशी खा, पावसात दुसऱ्या दिवशी ओलसर होते. उरलीच तर तव्यावर कडक करून घ्या.

ताई, पर्वरीत घाण्याचं खोबरेल भरून घ्यायला काचेच्या बाटल्या हव्या असतील तर माझ्याकडे आहेत, कळवा.

– फोंड्याहून