आडनावात पणजी सापडत नाही

वर एकांनी लिहिलंय की कोकणात आडनाव आणि गाव कळलं की घराण्याची सगळी मुळं सापडतात. बापाकडची सापडतात हो, पण बायकांचं काय? पणजीचं माहेर आधी विचारा, सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर. आम्ही खेड तालुक्यातले, कोकणी मुसलमान. तेव्हा खेड-रत्नागिरीकडची कितीतरी माणसं मुंबईहून बोटीनं केपटाऊनला जायची, तसे माझे पणजोबाही गेले आणि तिथल्या केप मलाय, म्हणजे केपटाऊनच्या जुन्या मुसलमान समाजातल्या, घरातल्या मुलीशी निकाह करून काही वर्षांनी तिला घेऊनच गावी परतले.

आडनावात तिचा मागमूस नाही, राहिली ती फक्त तिची वही. अक्षरं अरबी, जेर-जबर म्हणजे स्वरांच्या खुणा लावलेली, म्हणून मौलवींना दाखवली तर त्यांनी घडाघडा वाचली पण अर्थ काही लागेना, कारण भाषा आफ्रिकान्स निघाली, डचमधून दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली! डचांनी इंडोनेशिया, बंगाल, मलबारकडून गुलाम करून नेलेल्या लोकांचे हे केप मलाय वंशज, आणि तिथले मुसलमान आफ्रिकान्स अरबी लिपीत लिहायचे, अशी एक किताब तर १८७७ साली इस्तंबूलला छापलेली आहे. वहीच्या शेवटच्या पानावर हळदीचा डाग आहे आणि त्याखाली माझ्या आजीचं नाव, वाकड्यातिकड्या देवनागरीत. ते पणजीनं इथं येऊन शिकून लिहिलंय.